नख बरं होत नाही, नवं येतं!

आज एक सिंपल टेस्ट घेऊया. समजा, आत्ता या क्षणी तुम्हाला कोणी म्हणालं, 'शूज-सॉक्स काढून आत या.' बॉसच्या घरचा गणपती असेल, मैत्रिणीची वास्तुशांत असेल, नाहीतर योगा क्लासचा डेमो असेल. तुम्ही बिनधास्त काढाल? की एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायामागे लपवत कोपऱ्यातली जागा पकडाल?

कोपरा पकडणाऱ्यांनो, टेन्शन नॉट. तुम्ही एकटे नाही. पायाच्या अंगठ्याचं नख पिवळट होणं, जाड होणं, टोकाला खडूसारखा भुगा पडणं, नख खालच्या मांसापासून सुटणं, हे सगळं भलतंच कॉमन आहे. यातल्या बऱ्याच नखांचा व्हिलन एकच असतो, बुरशी. ब्रेडवर येते तिचीच लांबची बहीण. फरक इतकाच, की हिला ब्रेड नको, केराटिन हवं. आपली नखं, केस आणि वरची कातडी ज्या प्रोटीनची बनलेली असतात, ते हे केराटिन. म्हणजे बाईसाहेबांना राहायला घर आणि जेवायला ताट एकाच ठिकाणी!

आता तुम्ही म्हणाल, लाइफस्टाइलच्या गुळगुळीत पानावर हा काय विषय? थोडं थांबा. हा विषय मला कुठल्या स्पाच्या ब्रोशरमध्ये सापडलेला नाही. तो सापडला शहागडला, माझ्या आजोळी.

पुलाअलीकडचं गाव

संभाजीनगरहून बीडकडं निघालं, की पाचोड मागं टाकल्यावर गोदावरीचा पूल येतो. पुलाच्या अलीकडं शहागड, तालुका अंबड, जिल्हा जालना. पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू. वरच्या अंगाला पैठणचं जायकवाडी, आजूबाजूला ऊस आणि कापूस. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात गोदाकाठच्या गावांची काय दशा झाली ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच आहे. शेतात पाणी, रस्त्यावर चिखल, गोठ्यात राड. पाणी ओसरलं, पण ओल हटायला तयार नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत मी गेले. मामीनं फराळाचं ताट पुढं केलं आणि माझी नजर तिच्या बोटांवर गेली. नखांच्या मुळाशी कातडी सुजलेली, दोन नखं कडेनं तपकिरी, खडबडीत. वरून मेंदीचा लाल रंग. मी विचारलं तर हात पदराखाली.

"कामाचे हात हायेत माय, असेच ऱ्हायचे. म्हणून तर मेंदी लावली, दिसत न्हाई लोकाला."

बॉस, हे ऐकल्यावर मला आमची गँगच आठवली. हिंजवडीतल्या एका मैत्रिणीनं अंगठ्याचं नख दोन वर्षं गडद मरून नेलपेंटखाली ठेवलंय. आधीचा कोट निघायच्या आत पुढचा कोट. एकीची मेंदी, दुसरीची नेलपेंट. ब्रँड वेगळा, फंडा तोच!

मामांची गोष्ट मात्र जास्त सीरियस निघाली. ते दिवसभर प्लॅस्टिकच्या बंद बुटात असतात. उसाला पाणी द्यायचं तर रात्री-अपरात्री चिखलात उभं राहायचं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, आणि दोन्ही अंगठ्यांची नखं शिंगासारखी जाड. नेलकटरमध्ये मावत नाहीत म्हणून मामा ती ब्लेडनं तासायचे. त्यात एकदा अंगठा कापला. रक्त आलं ते मामीनं पाहिलं. मामांना कळलंच नाही! कारण मामांना दहा वर्षांपासून शुगर आहे.

"मामा, दुखलं कसं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"अगं, नखानं कुनी मरतं का?" मामा हसले.

मला काही हसू आलं नाही. डायबेटिसमध्ये पायाच्या नसा बधिर होतात, हे आपण वाचलेलं असतं. पण बधिर म्हणजे काय, ते असं समोर दिसलं की पोटात गोळा येतो. जाड नख बुटात रुततं, खालची कातडी सोलवटते, बेचक्यात चीर पडते, चिरेतून जंतू आत जातात. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही. आणि बघेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. डायबेटिसमध्ये बोट किंवा पाय गमावण्याची सुरुवात कितीतरी वेळा अशाच एखाद्या फालतू वाटणाऱ्या जखमेनं होते.

दिवाळी संपली तशी मी दोघांना गाडीत घातलं आणि संभाजीनगरला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले.

आधी ओळख, मग औषध

डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट काय केली असेल? औषध लिहिलंच नाही! मामांच्या नखाखालचा भुगा खरवडला आणि तपासायला पाठवला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून तो मायक्रोस्कोपखाली बघतात. साधी टेस्ट, पण महत्त्वाची. कारण बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांमध्येच बुरशी असते. बाकीच्यांत सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट अशी दुसरीच कारणं निघतात. बुरशीच नसेल तर बुरशीच्या गोळ्या तीन महिने खाऊन काय उपयोग?

तुम्हाला पटकन समजावं म्हणून नखांची कलर कोडिंग सांगते. पिवळट-पांढरं, जाड, भुसभुशीत: बुरशीचा संशय. हिरवट: बहुतेक वेळा बॅक्टेरिया. जेल एक्स्टेन्शन कडेनं सुटून आत पाणी साचलं की हे होतं. बारीक टाचणीएवढे खड्डे: सोरायसिसचा संशय. छोटे पांढरे ठिपके: नखाला लागलेला किरकोळ मार. हो, आईनं सांगितलेली 'कॅल्शियमची कमतरता' नव्हे! आणि नखात एकच काळी-तपकिरी उभी रेघ नव्यानं आली, रुंद होत चालली, तर इंटरनेटवर शोधत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. क्वचित का होईना, तो कॅन्सर असू शकतो.

मामीचं निदान वेगळं होतं. तिचा प्रॉब्लेम पाणी. धुणं, भांडी, गोठा, सडा-सारवण. दिवसभर हात ओले. ओलीमुळं नखाच्या मुळाशी असलेलं कातडीचं सील, म्हणजे क्युटिकल, सुटतं. तिथून पाणी आत शिरतं, साबण आत शिरतो, आणि मागोमाग कँडिडा नावाची यीस्ट. हॉटेलात भांडी घासणारे, सलूनमध्ये दिवसभर केस धुणारे, नर्सेस, नव्यानं आई झालेल्या मुली, सगळ्यांची हीच स्टोरी.

मग डॉक्टरीणबाईंनी एक नायलॉनचा जाड दोरा घेतला आणि मामांच्या तळपायाला ठिकठिकाणी टोचून विचारलं, 'कळतंय?' काही ठिकाणी मामा 'हो' म्हणाले. काही ठिकाणी गप्प. त्या गप्प बसण्यानं मामांचं हसू गेलं.

बूट आले, बुरशी आली

आता थोडं जीके. पायाच्या नखात सगळ्यात जास्त सापडते ती बुरशी ट्रायकोफायटॉन रुब्रम. अभ्यासक असं मानतात, की ही मूळची आग्नेय आशिया आणि आसपासच्या उष्ण, दमट मुलखातली. तिथली अनवाणी चालणारी माणसं. त्यांना नायटा व्हायचा तो अंगावर. बाहेरून बूट घालून सैनिक आणि साहेब लोक आले, त्यांना तो पायाला झाला. बुटात ऊब, अंधार, घाम. बुरशीला आणखी काय पाहिजे? विसाव्या शतकात ती बुटांबरोबर जगभर फिरली.

म्हणजे एसी ऑफिसात दहा तास फॉर्मल शूजमध्ये बसणारे तुम्ही आणि शहागडच्या उसात प्लॅस्टिकच्या बुटात उभे राहणारे मामा, दोघांच्या पायांचं हवामान सेमच! उलट तुमच्याकडं एक्स्ट्रा सोय आहे. जिमचा शॉवर, स्विमिंग पूलचा काठ, पीजीतलं पाच जणांत एक बाथरूम. आणि फ्लॅटमधल्या सगळ्यांचं मिळून एक नेलकटर, आरशाच्या बाजूला खिळ्याला टांगलेलं. शहागडलाही असंच टांगलेलं होतं. खोटं वाटत असेल तर आत्ता उठून आपापला खिळा बघा.

म्हणून एक गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. नखाची बुरशी म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. मामी दिवसातून वीस वेळा हात धुते. तिच्याइतका स्वच्छ हात आपल्या अख्ख्या ऑफिसात कोणाचा नसेल! बुरशीला मळ लागत नाही, ओल लागते. धुणं पुरत नाही, पुसावं लागतं.

'ते ट्यूब द्या हो एक'

डॉक्टरकडं जायच्या आधी मामा काय लावत होते? मेडिकलवरून आणलेलं एक मलम. स्टेरॉइड, बुरशीविरोधी आणि अँटिबायोटिक, असं थ्री-इन-वन पॅकेज. चिखल्यांना लावलं की खाज दोन दिवसांत गायब. वा, क्या बात है! पण खाज थांबवते स्टेरॉइड, आणि तेच तिथली प्रतिकारशक्ती दाबतं. वरून शांत, आतून बुरशी पसरते. मलम थांबवलं की डबल जोमानं परत. शिवाय नखाच्या बुरशीवर असं मलम चोळून काही होत नाही, कारण ते जाड नखातून आत पोचतच नाही.

हा प्रॉब्लेम एकट्या मामांचा नाही, अख्ख्या देशाचा आहे. गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडं चिवट नायट्याची लाट आली, आणि तज्ज्ञ त्यात या मिक्स मलमांचा मोठा वाटा मानतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०२० मध्ये या चिवट बुरशीला स्वतंत्र नावही मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई. नावातच इंडिया आलं! नेहमीच्या टर्बिनाफिन गोळीला ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं न्यूयॉर्कमधल्या तिच्या दोन पेशंट्सची नोंद केली. ती जास्त करून कातडीवर येते, नखात कमी. पण धडा तोच. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून स्वतःच डॉक्टर बनू नका.

लिंबू, हळद, व्हिनेगर, टी ट्री ऑइल? यांच्या भरवशावर राहावं इतका पुरावा नाही. चिरलेल्या बेचक्यात लिंबू पिळलं तर फक्त डोळ्यांतून पाणी येईल.

बारा महिन्यांचा हिशेब

या सगळ्या भेटीतलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य डॉक्टरीणबाईंचं. मामांनी विचारलं, "कधी बरं होईल नख?" त्या म्हणाल्या, "काका, हे नख बरं होणार नाही. नवं येईल."

किती साधं, पण आपल्या लक्षात येतच नाही! नख हा मेलेला भाग. बिघडलेला तुकडा सुधारत नाही. मुळाशी नवं, निरोगी नख तयार होतं आणि जुन्याला पुढं ढकलत नेतं, मग आपण ते कापतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला सहाएक महिने. पायाचं जेमतेम एक-दीड मिलिमीटर. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला बारा ते अठरा महिने!

गोळ्यांचा कोर्स पायाच्या नखांसाठी बहुतेक वेळा तीन महिन्यांचा असतो, हाताच्या नखांसाठी दीड. तो सुरू करण्याआधी लिव्हरची टेस्ट करतात. दुसऱ्या गोळ्या चालू असतील, प्रेग्नन्सी असेल किंवा प्लॅन करत असाल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. थोडक्यात नख खराब असेल तर कधी कधी लावायच्या औषधी लॅकरवरही भागतं. कोर्स संपतो तेव्हा नख अजून अर्धंमुर्धं वाकडंच दिसतं. इथंच आपली विकेट पडते. 'काही फरक नाही यार' म्हणून लोक औषधच काय, सवयीही सोडून देतात. आणि सवयी सोडल्या की बुरशी माघारी. बऱ्या झालेल्या चार-पाच जणांत एकाला ती परत होते, असं आढळतं.

म्हणून सवयींचं काम औषधाइतकंच मोठं. एकट्या सवयींनी नखातली बुरशी जात नाही, हेही खरं. पण नव्या नखाला वर्षभर सांभाळतात त्या सवयीच. तर कात्री घ्या, हा चौकोन कापा आणि बाथरूमच्या आरशावर चिकटवा.

नखांचं टाइमटेबल

• अंघोळीनंतर बोटांची बेचकी पुसा. पायांसाठी वेगळं सुती फडकं ठेवा. तोंड पुसायचा टॉवेल पायाला नको. धुतलेल्या पायापेक्षा कोरडा पाय महत्त्वाचा.

• मोजे रोज बदला, पावसाळ्यात आणि जास्त घाम येत असेल तर दिवसातून दोनदा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जोडी पडून राहू द्या. मोजे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा.

• शूजच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरा. घामेजलेला बूट वाळायला अख्खा दिवस लागतो. आतलं सोल निघत असेल तर काढून ठेवा. बूट घट्ट नको, अंगठ्यापुढं थोडी जागा हवी.

• पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घाला, मग अंडरवेअर. हसू नका! उलट क्रमानं घातलं तर पायाची बुरशी कपड्यातून जांघेत पोचते.

• नेलकटर ज्याचं त्याला. बिघडलेलं नख सगळ्यात शेवटी कापा, मग कटर साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसा. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. 'संध्याकाळी नखं कापू नये' हे आजीचं म्हणणं मात्र ऐका, निदान कमी उजेडात तरी नकोच.

• जिम, पूल, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये स्लिपर घाला. दुसऱ्याची मात्र नको.

• हात सतत पाण्यात असतील तर रबरी हातमोजे, आणि त्यांच्या आत पातळ सुती मोजे. नुसत्या रबराच्या आत घाम साचतो आणि काम बिघडतं.

• पार्लरमध्ये स्वतःचं किट न्या. क्युटिकल कापू देऊ नका, ते नखाचं झाकण आहे. नेलपेंटला मधून मधून सुट्टी द्या, आणि तेव्हा नख उजेडात नीट बघा.

• घरात कोणाला नायटा, गजकर्ण, चिखल्या असतील तर त्यांचाही इलाज एकदमच करा. नाहीतर घरातल्या घरात रिले रेस सुरू!

• शुगर असलेल्या माणसानं रोज रात्री तळपाय बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा, नाहीतर घरातलं कोणी. जाड नख स्वतः तासायचं नाही, डॉक्टरकडून कापून घ्यायचं.

• दर महिन्याच्या एक तारखेला नखाचा मोबाइलवर फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही. सहा फोटो शेजारी ठेवले की कळतो.

आणि मामा-मामी?

संक्रांतीला मी परत शहागडला गेले. हातमोजे मामीनं पहिले आठ दिवस वापरलेच नव्हते. "हे घालून शेण काढू का?" म्हणाली. मग मामांनीच तोडगा काढला. सकाळचा गोठा आता ते करतात, रबरी मोजे घालून! मामीच्या नखांच्या मुळाकडून गुलाबी, गुळगुळीत भाग अर्ध्यापुढं आला होता. यंदा तिनं मेंदी लावली नव्हती. मामांच्या अंगठ्याला मात्र मुळाशी तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्या रुंदीएवढी स्वच्छ पट्टी. बस, एवढीच. पण चिखल्या गेल्यात, ब्लेड मामीनं फेकून दिलंय, आणि रोज रात्री जेवण झाल्यावर ती मामांचे तळपाय टॉर्चनं बघते. मामा लाजतात, पण पाय पुढं करतात.

मला वाटतं, या आजारात खरी गंमत आणि खरी अडचण या लपवण्यातच आहे. आपण चेहऱ्यावर एक पिंपल आला तरी चार जणांना विचारतो, दोन क्रीम बदलतो. आणि नख वर्षानुवर्षं बुटात कोंडून ठेवतो, जिथं अंधार आहे, ओल आहे, म्हणजे बुरशीला हवं तेच आपण तिला देतो. लाज वाटते म्हणून झाकतो आणि झाकतो म्हणून वाढतं. सगळ्यात स्वस्त औषध कुठलं विचाराल तर हेच, उघडा, बघा, दाखवा.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर टीव्ही लावायच्या आधी मोजे काढा. दिव्याखाली बसा आणि दहाच्या दहा बोटांची विचारपूस करा. मग गावी आई-बाबांना एक फोन लावा. 'जेवलात का' विचारून झालं की 'पाय बघितलेत का' हेही विचारा. एक एसएमएस पाठवण्याइतकाच वेळ लागतो, बॉस!